'इक्विटेबली' म्हणजे कशाच्या मानाने?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही तिघं भावंडं. मोठा भाऊ, मी आणि धाकटा भाऊ. आईला आता एकटं ठेवता येत नाही. वर्षभरापूर्वी मोठ्या भावाने आम्हा दोघांना एक इंग्रजी टिपण पाठवलं. आईची जबाबदारी आणि खर्च तिघांनी 'इक्विटेबली' वाटून घ्यायचा, असं त्यात होतं. मला वाटलं इक्विटेबली म्हणजे इक्वली, सारखी वाटणी. मी लगेच होकार कळवला. प्रत्यक्षात आईजवळ राहते मी. रात्रीचं उठणं, दवाखाना, औषधं सगळं माझ्याकडे, आणि त्यासाठी नोकरीही अर्ध्या वेळेची करून घेतली. भाऊ पैसे पाठवतात. हे असह्य होतंय असं मी म्हटलं तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "इक्विटेबली म्हणजे सारखं नव्हे. ज्याला जे जमेल ते त्याने करायचं. तू वाचूनच हो म्हणाली होतीस." आता त्याने आईच्या घराबद्दल दुसरं टिपण पाठवलंय आणि त्यात मात्र 'इक्वली' लिहिलंय. इंग्रजी कच्चं म्हणून मी फसले का? पहिल्या टिपणातला शब्द खोडून 'इक्वली' करायला लावू का? की आता गप्प बसू?

ताई,

आधी तुमच्या इंग्रजीबद्दल, कारण पत्रात सगळ्यात जास्त त्याचीच लाज दिसते. इक्विटेबली म्हणजे सारखं नव्हे, हे तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे. पण "ज्याला जे जमेल ते" हा त्याने सांगितलेला अर्थही त्या शब्दाचा नाही. म्हणजे तुम्ही दोघांनीही तो शब्द आपापल्या परीने वाचला आणि पुढे गेलात. फरक इतकाच की त्याचं वाचन त्याच्या सोयीचं ठरलं आणि तुमचं तुम्हाला महागात पडलं.

मी बरीच वर्षं अनुवादाचं काम केलं. सुरुवातीच्या काळात एका करारातल्या 'इक्विटेबल'ला मी 'समान' असं लिहून मोकळी झाले होते. दोन्ही पक्ष ते मराठी वाचून खूश झाले आणि सहा महिन्यांनी भांडत बसले. ती चूक अजून मनाला लागून आहे, म्हणून तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर लिहिते आहे.

गोंधळ व्हावा अशीच या शब्दांची घडण आहे. लॅटिनमधला 'ऐक्वुस' म्हणजे सपाट, समतल. त्याच्यापासूनच 'इक्वल' आला आणि 'इक्विटी'ही. पृथ्वीचे दोन सारखे भाग करणारा 'इक्वेटर' त्याच घरातला, मनाचा तोल सांगणारा 'इक्वॅनिमिटी' त्याच घरातला, आणि घोर अन्याय या अर्थाचा 'इनिक्विटी' म्हणजे तर सरळसरळ 'जिथे समतलपणा नाही ते'. इक्वल आणि इक्विटेबल ही एकाच आईची लेकरं, पण त्यांनी कामं वेगवेगळी धरली. इक्वल मोजतो: तीन माणसं, तीन सारखे भाग, संपलं. इक्विटेबल आधी माणसांकडे पाहतो. कोणाची परिस्थिती काय, कोणावर आधीच किती भार आहे, कोणाचं काय गेलं, हे सगळं लक्षात घेऊन सर्वांना रास्त वाटेल अशी वाटणी, असा त्याचा अर्थ. कधी ती सारखी निघते, कधी निघत नाही.

"जमेल ते" ही व्याख्या इथेच अपुरी पडते. तिच्यात फक्त क्षमता मोजली जाते. तुम्ही जवळ राहता, म्हणजे तुम्हाला जमतं. पण जमवण्यासाठी तुम्ही अर्धी नोकरी सोडली, झोप सोडली, हे त्या मापात येतच नाही. इक्विटेबल हा शब्द इमानाने वापरायचा तर ते यावंच लागतं.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द मला 'मानाने' वाटतो. ऐपतीच्या मानाने, कष्टाच्या मानाने, गरजेच्या मानाने. या शब्दात एक फार मोठा गुण आहे: तो एकटा उभा राहत नाही. कोणी नुसतं "मानाने वाटू" म्हणालं तर समोरचा लगेच विचारेल, "कशाच्या मानाने?" इंग्रजीतला इक्विटेबली मात्र वाक्यात एकटाच ऐटीत बसतो आणि तो प्रश्न कोणी विचारत नाही. तुमच्या घरात नेमकं हेच झालं आहे. वाटणी कशाच्या मानाने करायची हे तुम्ही तिघांनी कधी ठरवलंच नाही. ते ठरवल्याचा भास त्या एका शब्दाने दिला.

हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडमध्ये मध्ययुगात कॉमन लॉची, म्हणजे रूढी आणि जुन्या निवाड्यांतून घडलेल्या कायद्याची न्यायालयं ठरावीक साच्यातल्या रिटवर, म्हणजे लेखी हुकमांवर चालत. तक्रार साच्यात बसली नाही तर दाद मिळत नसे. मग लोक थेट राजाकडे अर्ज करू लागले. राजा ते आपल्या चॅन्सेलरकडे, म्हणजे प्रमुख मंत्र्याकडे पाठवी, आणि तो बहुधा धर्मगुरू असे. नियम काय म्हणतो याच्याबरोबरच सदसद्विवेक काय म्हणतो हे पाहून तो निवाडा करी. यातून चॅन्सरीचं स्वतंत्र न्यायालय उभं राहिलं आणि तिथल्या न्यायाला इक्विटी हे नाव मिळालं. कायद्याच्या मराठीत आपण त्याला समन्याय म्हणतो. नियमाच्या कडक काठाने जिथे माणूस कापला जातो तिथे काठ मऊ करायचा, ही त्यामागची कल्पना त्याहूनही जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटलने तिच्यासाठी लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला होता. ती पट्टी ताठ नसे, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे.

पण वाकणारी पट्टी ज्याच्या हातात आहे, तो ती स्वतःकडे वाकवणार नाही कशावरून? सतराव्या शतकातला इंग्रज कायदेपंडित जॉन सेल्डन याचा आक्षेप हाच होता. त्याचं म्हणणं असं की इक्विटी चॅन्सेलरच्या सदसद्विवेकावर मोजायची तर लांबी मोजायचं 'फूट' हे माप चॅन्सेलरच्या पावलावरून ठरवण्यासारखं होईल. एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड, तिसऱ्याचं मधलं. सेल्डन 1654 मध्ये वारला, पण त्याचा आक्षेप अजून ताजा आहे. तुमच्या घरात सध्या मोठ्या भावाचं पाऊल हे माप आहे. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. माप लिहिलेलं नसलं की ते शब्द लिहिणाऱ्याच्या हातात आपोआप जातं, इतकंच.

चॅन्सरीलाही हे कळत गेलं असावं. पुढे इक्विटीची काही सूत्रं पक्की झाली आणि 1873 आणि 1875 च्या कायद्यांनी इंग्लंडमधली दोन्ही प्रकारची न्यायालयं एकत्र झाल्यावरही ती टिकली. त्यातली काही तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहेत. एक सूत्र सांगतं की इक्विटी शब्दांच्या बाह्यरूपापेक्षा हेतू पाहते. म्हणजे "तू वाचून हो म्हणाली होतीस" हा इक्विटीच्या भाषेतला युक्तिवादच नाही; टिपण लिहिताना तिघांच्या मनात काय होतं, हा आहे. दुसरं सूत्र: जो इक्विटी मागतो त्याने इक्विटी केली पाहिजे. भावाने खर्चाला ज्या शब्दाने मोजलं, त्याच शब्दाने त्यालाही मोजून घ्यावं लागेल. तिसरं सूत्र ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: समानता हीच इक्विटी. वाटणीसाठी दुसरा कुठलाही आधार हाताशी नसेल तर सारखे भाग करावेत, असा त्याचा अर्थ. मला हे सूत्र फार मोलाचं वाटतं. सारख्या वाटणीपासून दूर जायचं असेल तर कारण सांगण्याची जबाबदारी दूर जाणाऱ्यावर येते. आणि एक चौथं: इक्विटी जागरूक माणसाला मदत करते, हक्कांवर झोपून राहणाऱ्याला नाही. तुमच्या "गप्प बसू का" ला माझं उत्तर त्यात आलं.

ही सूत्रं कोर्टातली आहेत. घरच्या टिपणावर ती कायद्याने लागू होतात असा समज करून घेऊ नका, आणि भावासमोर ती फेकूही नका. पण शेकडो वर्षं याच शब्दाशी झटलेल्या माणसांनी काय शिकून ठेवलं, ते आपल्या विचाराला उपयोगी पडतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. शब्द खोडून 'इक्वली' करून घ्यावा का? तुम्ही गृहीत धरलं आहे की सारखी वाटणी झाली तर तुमचं भलं होईल. जरा हिशोब करून पाहू. समजा मोठ्या भावाचं उत्पन्न तुमच्या आताच्या उत्पन्नाच्या तिप्पट आहे. खर्चाचा एकतृतीयांश तुम्हीही द्यायचा, त्यानेही द्यायचा. रक्कम एकच, पण तुमच्या मिळकतीच्या मानाने तो भार त्याच्या तिप्पट. वेळेचं काय? चार-चार महिने आई प्रत्येकाकडे? तिचे डॉक्टर, तिची सवयीची खोली, तिची माणसं दर चार महिन्यांनी बदलायची? तसं नको असेल तर भाऊ चार-चार महिने येऊन राहतील? यातलं काही शक्य असेलही, पण 'इक्वली' लिहून घेतल्यावर ते आपोआप होणार नाही. त्या शब्दाखाली पैसे सारखे होतील, कारण पैसे मोजणं सोपं. रात्री मात्र तुमच्याकडेच राहतील. मला तर वाटतं, तुम्हाला खरं बळ 'इक्विटेबली'च देऊ शकतो. तो खोडू नका. त्याला माप जोडा.

हे माप कसं जोडतात याचा एक उत्तम नमुना नद्यांच्या पाण्यात आहे. एकच नदी अनेक देशांतून वाहते तेव्हा पाणी कसं वाटायचं, यावर संयुक्त राष्ट्रांनी 1997 मध्ये एक करार स्वीकारला. पाण्याचा वापर 'इक्विटेबल आणि रीझनेबल' असावा, असं त्याचं पाचवं कलम सांगतं. तिथेच थांबले असते तर प्रत्येक देशाने आपल्या पावलाने मोजलं असतं. म्हणून सहाव्या कलमात सात गोष्टी लिहिल्या. भूगोल आणि हवामान, सामाजिक आणि आर्थिक गरजा, त्या पाण्यावर किती लोक अवलंबून आहेत, एकाच्या वापराचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, सध्याचा आणि पुढचा वापर, पाणी जपण्याचा खर्च, आणि दुसरा पर्याय कोणाकडे आहे. कुठल्याही एका गोष्टीवर निकाल नाही, सगळ्या एकत्र तोलायच्या. घटस्फोटात मालमत्ता वाटतानाही असंच. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचा नियम साधारणपणे निम्म्या-निम्म्याचा आहे, तर न्यूयॉर्कचा 'इक्विटेबल डिस्ट्रिब्यूशन'चा. न्यूयॉर्कच्या कायद्यात त्या शब्दामागे कोर्टाने काय काय पाहायचं याची लांबलचक यादी जोडलेली आहे. जिथे हा शब्द गंभीरपणे वापरला जातो तिथे बहुधा मागे यादी असते.

तुमच्या घराची यादी छोटी असेल. प्रत्येकाचं उत्पन्न. प्रत्येकावर आधीच असलेली माणसं आणि कर्जं. आईसाठी दिलेले तास, आणि त्यात रात्रीचे वेगळे लिहा, कारण मोडलेली झोप दिवसाच्या तासासारखी नसते. आईमुळे बुडालेलं उत्पन्न. आणि नद्यांच्या यादीतली शेवटची ओळ: पर्याय कोणाकडे आहे? भाऊ एखादा महिना पैसे उशिरा पाठवू शकतो. तुम्ही एखादी रात्र उशिरा उठू शकता का? ही ओळ तुमच्या बाजूची आहे आणि ती स्पष्टपणे मांडायला संकोच करू नका.

तासांची किंमत काढताना मात्र एक अडचण येईल, ती आधीच सांगते. किंमत दोन रीतींनी निघते. एक, हेच काम पगारी मदतनीस ठेवून करून घेतलं तर काय पडेल. दुसरी, हे करण्यासाठी तुम्ही किती कमाई सोडली. दोन्ही आकडे बहुधा वेगळे येतील. ज्याचा पगार मोठा त्याची सोडलेली कमाई मोठी, मग त्याचा तास महाग ठरणार का? मला पहिली रीत बरी वाटते, कारण आईची सेवा कोणीही केली तरी तिचं मोल तेच राहतं. आणि सोडलेल्या नोकरीची भरपाई हा वेगळा मुद्दा म्हणून वेगळा बोलावा. तुम्हाला दुसरी पटली तर ती घ्या, पण एकच घ्या आणि तिघांसाठी तीच ठेवा.

दुसऱ्या टिपणातल्या 'इक्वली'मुळे तुमचा संताप झाला, तो मला समजतो. भार वाटताना एक पट्टी आणि लाभ वाटताना दुसरी, असं ते दिसतं. इथे थोडं थांबा. दोन्हीकडे एकच शब्द असायलाच हवा असं नाही. आईला तिन्ही मुलं सारखी, म्हणून घराचे तीन सारखे भाग, हे तत्त्व म्हणून प्रामाणिक असू शकतं. भार ताकदीच्या मानाने आणि प्रेम सारखं, असा विचार अनेक घरांत मनापासून केला जातो. चुकतं कुठे? पट्टी बदलताना कारण न सांगितल्यामुळे. भावाला ते कारण विचारा. त्याच्याकडे कारण असेल तर ते ऐका. नसेल तर समोर विचारल्यावर ते त्यालाही दिसेल. त्याने मुद्दाम केलं असं धरून बोलायला सुरुवात केलीत तर तो शब्दकोशाआड लपेल आणि तुम्ही दोघं अर्थावर भांडाल, आईवर बोलणार नाही.

आईचं नाव आलंच आहे तर विचारते. पत्रात तीन भावंडांची मतं आहेत, दोन टिपणं आहेत, एक घर आहे. आईला काय हवंय, हे कुठेच नाही. घर तिचं आहे आणि ती हयात आहे, म्हणजे इक्वली की इक्विटेबली हे आधी तिने म्हणायचं. सेवाही तिचीच व्हायची आहे. कदाचित तिला तुमच्या रोजच्या थकव्याचं ओझं वाटत असेल आणि पगारी मदतनीस चालणार असेल. कदाचित तिला धाकट्याकडे महिनाभर राहायला आवडेल. ती सांगू शकते तोवर तिला न विचारता केलेल्या वाटणीला मी तरी इक्विटेबल म्हणणार नाही. घराच्या कागदावर सही करण्याआधी मात्र तुमचा स्वतःचा वकील गाठा. मालमत्तेचे नियम जागेप्रमाणे आणि नात्याप्रमाणे बदलतात आणि ते माझ्या उत्तरातून ठरवू नका.

ज्यांच्यासमोर असाच शब्द वेगळ्या कागदात आला आहे त्यांच्यासाठी थोडंसं. 'फेअर' हा मोठ्या पोटाचा शब्द आहे. वागणूक, खेळ, किंमत, परीक्षा, सगळ्याला चालतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुंदर असा होता, न्यायाचा अर्थ नंतर चिकटला. जत्रा या अर्थाचा 'फेअर' मात्र लॅटिनमधून आलेला निराळाच शब्द. 'इम्पार्शल' म्हणजे निःपक्षपाती, तो निवाडा करणाऱ्याबद्दल बोलतो, वाटणीबद्दल नाही. 'इक्वेबल' दिसायला इक्विटेबलचा जुळा, पण तो शांत स्वभाव किंवा सौम्य, एकसारखं हवामान सांगतो. आणि शेअर बाजारातली इक्विटी? तीही चॅन्सरीतूनच आलेली. गहाण सोडवायची मुदत टळली तरी कर्ज फेडून मालमत्ता परत घेण्याचा कर्जदाराचा हक्क चॅन्सरीने मान्य केला आणि त्याला इक्विटी म्हटलं. त्यावरून कर्ज वजा जाता जे खरोखर आपलं उरतं ते इक्विटी, असा अर्थ रुळला. मराठीत आपण त्याला समभाग म्हणतो आणि मूळ न्यायाचा धागा दिसेनासा होतो. नोकरीच्या करारात, भागीदारीत, संस्थेच्या धोरणात 'इक्विटेबल' दिसला की त्याच्या आसपास यादी आहे का पाहा. नसेल तर सहीआधी मागा. आणि अनुवाद करणाऱ्यांनी कृपया 'समान' लिहू नये. 'न्याय्य' चालेल, 'रास्त' चालेल, आणि कागदात माप दिलेलं असेल तर "अमक्याच्या मानाने" असं उघड लिहावं.

ताई, नवं टिपण मराठीत लिहा. तिघांची भाषा ती आहे, मग आईबद्दलचा कागद परक्या भाषेत कशाला? भावाला पाठवायचा निरोप असा असू शकतो, तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

"दादा, इक्विटेबलीचा अर्थ मी सारखं असा घेतला होता, तू जमेल ते असा घेतलास. दोन्ही अपुरे आहेत असं आता कळतंय. तू फसवलंस असं मी म्हणत नाही. पण वाटणी कशाच्या मानाने करायची हे आपण ठरवलंच नाही, ते आता ठरवू. मी गेल्या महिन्याभराचे तास लिहून ठेवलेत, रात्रीचे वेगळे. तुम्ही दोघांनी पाठवलेले पैसे आणि तुमच्या अडचणी तुम्ही लिहा. आईला काय हवंय ते मी तिच्याच शब्दांत लिहिलंय, ते सगळ्यात आधी वाचू. घराच्या टिपणात इक्वली का, हेही तेव्हाच सांग. जे ठरेल ते मराठीत लिहू आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, कारण आईची तब्येत तशीच राहणार नाही."

निरोपात महिन्याभराचे तास म्हटलेत, तेव्हा आज रात्रीपासून वही उशाशी ठेवा आणि उठाल ती वेळ लिहीत चला. आईशी मात्र या आठवड्यातच बोला, आणि ते बोलणं होईपर्यंत दुसऱ्या टिपणाला हो किंवा नाही काहीच कळवू नका.